डंकलबर्गरच्या शर्टाचं शेपूट

"एकतीस वर्षं," हार्लन डंकलबर्गर हातातला काटा हवेत नाचवत म्हणाला, "एकतीस वर्षं मी घरच्या घरी काडतुसं भरतोय. माझ्या हातचा एक बार, अरे एकसुद्धा, फुसका गेलेला नाही. गेला तर ही प्लेट खाईन. वरच्या स्क्रॅपलच्या वड्यांसकट."

"स्क्रॅपल तू मघाशीच खाल्लंस," स्टॅश कोवालचिक म्हणाला. "तुझंही आणि माझंही."

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार होता. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत या सोमवारी शाळा बंद, कारखाने बंद, आणि त्या दिवशी कुणी मेलाच तर त्याला पुरणाऱ्यांसाठी मंगळवारपर्यंत थांबावं लागतं. ओटर ओढ्याकाठच्या लाकडी कॅम्पात चारजण नाश्त्याला बसले होते. बाहेर अजून फटफटायचं होतं.

एकेकाळी या टेबलाला माणसं पुरून उरायची. दोघं दोघं एका खाटेवर झोपायची, आणि सकाळी कुणाची पँट कुणाच्या ढुंगणावर हे भांडण ठरलेलं असायचं. मग एकाचे गुडघे गेले, एकाचं हृदय गेलं, आणि तिघं निवृत्त होऊन फ्लोरिडाच्या उन्हात गेले, जे पॉपच्या मते त्याहून वाईट होतं. पॉप म्हणजे फेन्स्टरमाकर. कॅम्पातला सर्वांत म्हातारा, म्हणून स्वयंपाकीही तोच आणि न्यायाधीशही तोच. चौथी होती लोर्ना, स्टॅशची मुलगी. चाळिशीची, शाळेची बस चालवणारी. खाट रिकामी राहते म्हणून तीन वर्षांपूर्वी स्टॅशने तिला आणलं, आणि तेव्हापासून कॅम्पात सर्वांत जास्त हरणं तीच पाडत होती. याबद्दल कुणी बोलत नसे.

"डंककाका," लोर्ना म्हणाली, "एवढा त्रास कशाला घेता? दुकानात डबी मिळते. आम्ही तीच आणतो."

"विकतची काडतुसं?" हार्लनने असा चेहरा केला, जणू कुणी त्याच्या कॉफीत थुंकलं. "पोरी, विकतचं काडतूस म्हणजे विकतचा ॲपल-पाय. बायको घरात असताना विकतचा पाय कोण आणतं?"

स्टॅश कॉफीच्या कपात बघू लागला. हार्लनच्या बायकोला, अर्डिथला, जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. हार्लनला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. त्याने उगाच प्लेट पुसली.

"ते असो," पॉप तव्यावरून न वळता म्हणाला. "भिंतीकडे बघून फुशारकी मारा म्हणजे झालं."

भिंतीवर शर्टांची शेपटं होती. कॅम्पाचा कायदा सरळ होता: हरणावर बार टाकून जो चुकेल, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट दुपारी सर्वांदेखत कापायचं, त्यावर नाव आणि साल घालायचं आणि बाकाच्या मागे भिंतीला ठोकायचं. अपील नाही. स्टॅशच्या एकट्याच्या शेपटांत एक तंबू झाला असता. पॉपची दोनच होती, पण इतकी जुनी, की त्यांतलं एक उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाडवडिलांची जमीन म्हणून वापरलं होतं. हार्लनचं एकही नव्हतं.

आणि होऊही द्यायचं नव्हतं. कारण तो जो शर्ट घालून बसला होता, तो अर्डिथने शिवलेला होता. लाल-काळ्या चौकड्यांचा, गिरणीतून आणलेल्या जाड लोकरी कापडाचा. तो पहिल्यांदा या कॅम्पाला निघाला त्या साली तिने तो शिवला आणि दर साली याच एका दिवसासाठी ट्रंकेतून काढून दिला. शेपूट चांगलं मांड्यांपर्यंत लांब, आणि बसायला गादी व्हावी इतकं जाड. "एवढं कशाला गं?" त्याने तेव्हा विचारलं होतं. "त्या गार ओंडक्यावर बसशील तेव्हा कळेल," ती म्हणाली होती. धुवायचीही स्वतः, गार पाण्यात, त्याला हात लावू न देता. ती गेल्यापासून शर्ट धुतलाच नव्हता. हरणांना साबणाचा वास लागतो, असं तो सांगायचा. स्टॅशचं म्हणणं, की हरणांना आता साबणाखेरीज बाकी सगळे वास लागत असणार.

"शेपूट सांभाळ, डंक," बाहेर पडताना स्टॅश म्हणाला.

"तू तुझी पँट सांभाळ," हार्लन म्हणाला. "शर्ट तर तुझ्याकडे उरलेच नाहीत."

हार्लनची जागा ठरलेली होती. ओढ्याच्या वळणावरचा हेमलॉकचा आडवा ओंडका. बूड टेकलं, की समोर उताराला बर्चची झाडं आणि मागे डोंगर. पहिल्या वर्षी याच ओंडक्यावर त्याचे दात इतके वाजत होते, की हरणं सावध झाली असं म्हणतात. दुसऱ्या वर्षी अर्डिथने थर्मासमध्ये चिकनचं सूप दिलं, पण थर्मासचं झाकण द्यायला विसरली. ते सूप त्याने कॅम्पातल्या सर्वांच्या देखत बुटातून ओतलं होतं. आता थर्मास तो स्वतः भरायचा. झाकण असायचं. सूप डब्यातलं असायचं. त्यात काही मजा नव्हती.

उजेड आला, पांढुरका, दुधात पाणी घातल्यासारखा. आणि हरिण आलं.

चांगलं जाडजूड आठ टोकांच्या शिंगांचं हरिण होतं. बर्चमधून ते असं चालत आलं, जसं कुणी आपल्याच घराच्या ओसरीवर येतं. आडवं उभं राहिलं. हार्लनने रायफल खांद्याला लावली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला.

खट्.

नियम असा, की चाप ओढून बार झाला नाही तर लगेच काही करायचं नाही. आतली ठिणगी कधीकधी आळशी असते. आता नाही तर मग उडते. नळी जिथे आहे तिथेच धरायची आणि मनात तीस मोजायचे. हार्लनने मोजले, आजीने शिकवलेल्या जुन्या जर्मन आकड्यांत, कारण भेदरला की त्याला तेच आठवायचे. हरणाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून एक डहाळी तोडली आणि चावू लागलं.

तिसाला हार्लनने बोल्ट ओढला, काडतूस बाहेर पडलं, दुसरं आत गेलं. हरिण डहाळीच खात होतं. चाप.

खट्.

पुन्हा आईन्स, त्स्वाय, द्राय. हरणाची डहाळी संपली. आकडे विसाच्या पलीकडे गेले तेव्हा हरणाने एकदा पाय बदलला, बँकेच्या रांगेत माणूस बदलतो तसा, आणि मग अगदी निवांत, मागे न बघता, ओढा ओलांडून पलीकडच्या चढावर गेलं. तिथून धाडकन एक बार ऐकू आला. एकच.

लोर्ना होती.

दुपारी ते हरिण कॅम्पाच्या दारातल्या खांबाला टांगलेलं होतं आणि आत लोर्ना साक्ष देत होती.

"मी पलीकडून दुर्बिणीतून सगळं बघत होते," ती म्हणाली. "हरिण काकांच्या समोर होतं, म्हणून हक्क काकांचा. मी थांबले. काकांनी चाप ओढला, काही नाही. मी थांबले. पुन्हा ओढला, काही नाही. मी अजूनही थांबले होते हो. हरिणच थांबेना."

स्टॅश टेबलावर डोकं टेकून हसत होता. त्याचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. मध्येच वर बघून तो म्हणाला, "पॉप, ती प्लेट कुठंय? सकाळची? धुऊन द्या ह्याला," आणि पुन्हा डोकं टेकलं.

"हसू नकोस," हार्लन म्हणाला. "मी चुकलो नाही. बारच झाला नाही तर चुकणार कसा?"

"तुझं खरंय. तू चुकला नाहीस, तू खटकलास. पॉप, खटकण्याला काय शिक्षा?"

पॉपने बीटरूटच्या पाण्यात मुरलेल्या लाल अंड्यांचा वाडगा मधोमध ठेवला आणि बाकावर बसला. तो बाकावर बसला की कोर्ट सुरू झालं असं समजायचं.

"हे असं आधी कधी झालेलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे चुकलेत सगळे. पण हरिण समोर उभं राहून जेवून गेलं आणि बार नाही, हे नवीन. हार्लन, दोन गोष्टी असू शकतात. एक, दोष रायफलीचा किंवा कारखान्याचा, म्हणजे तुझा नाही. शर्ट सुटला. दोन, दोष भरणाऱ्याचा. मग मी म्हणेन हरणावर जाऊन चुकण्यापेक्षा घरीच बसून चुकणं वाईट. शर्ट गेला. कबूल?"

हार्लनने शेपूट पँटीत खोल खोचलं. "पॉप, दुसरं काही सांगा. आठवडाभर भांडी घासतो. रायफल द्या म्हणालात तर रायफल देतो."

"तुझी रायफल घेऊन काय करू?" पॉप म्हणाला. "ती उडत नाही."

मग चौकशी सुरू झाली. कॅम्पात अशा चौकशीला प्रत्येकजण डॉक्टर असतो. स्टॅशचं पहिलं मत असं, की बोल्टमध्ये जुनं ग्रीस गोठलंय, पिन चिखलातून चालल्यासारखी चालतेय. लोर्नाने बोल्ट उघडला. आत ग्रीसचा थेंब नव्हता. इतका स्वच्छ होता, की स्टॅश म्हणाला, ह्यात जेवायला वाढता येईल. मग पिनची स्प्रिंग म्हातारी झाली असं ठरलं. लोर्नाने स्टॅशचं विकतचं काडतूस हार्लनच्या रायफलीत घातलं, मागच्या दारातून मातीच्या दरडीवर नेम धरला आणि चाप ओढला. धाड्. पहिल्या झटक्यात.

"विकतचा पाय," स्टॅश म्हणाला. "ताजा आहे हो."

म्हणजे रायफल सुटली. मग दारू सर्दली असेल. हार्लनने खटकलेल्या दोनांतलं एक काडतूस मागितलं, त्याची गोळी ठोकून सुटी केली आणि दारू वर्तमानपत्रावर ओतली. मिरपुडीसारखी कोरडी, सळसळीत. हार्लन जरा ताठ बसला. दारू त्यानेच मोजली होती, तराजूवर, दाणा दाणा.

"टोपीच खराब असणार," तो म्हणाला. काडतुसाच्या बुडात बसवतात ती चिमुकली टोपी. पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते आणि दारू पेटते. "टोप्या मी कुठे बनवतो? कारखाना बनवतो. दोष कारखान्याचा. जेवूया?"

"थांबा," लोर्ना म्हणाली. तिने उरलेलं खटकलेलं काडतूस हातात घेतलं होतं आणि त्याच्या बुडावरून नख फिरवत होती. मग हार्लनच्या पट्ट्यातलं एक कोरं काडतूस काढून त्यावरूनही. "काका, या कोऱ्याची टोपी वर आलीय. नखाला लागते. अजून एखादं आहे का? जुनं?"

हार्लनने कोटाचे खिसे चाचपले. आतल्या खिशात, पेपरमिंटच्या गोळ्यांच्या आणि एका सुकलेल्या खाऱ्या प्रेत्झल-बिस्किटाच्या संगतीत, एक काडतूस सापडलं. गेल्या वर्षीचं, न वापरलेलं. लोर्नाने त्यावरून नख फिरवलं. नख सरसर पलीकडे गेलं.

"हे बघा. हिची टोपी पार आत बसलीय. एक केस मावेल इतकी खाली. हे कुणी भरलं?"

"मीच," हार्लन म्हणाला. मग थांबला. त्याने ते काडतूस तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःचा अंगठा त्याच्या बुडावर ठेवला.

स्वयंपाकघरातलं टेबल त्याच्या डोळ्यांसमोर आलं. रविवारची संध्याकाळ, रेडिओवर पोल्काच्या नाचगाण्यांचा तास, आणि टेबलाच्या या बाजूला तो: तराजू, दारू, गोळ्या, चष्मा, सगळा थाट. आणि त्या बाजूला अर्डिथ. तिच्या हातात पकडीसारखं छोटं हत्यार असायचं. त्याच्यात कवच धरायचं, टोपी ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. टोप्यांना ती त्याला हातही लावू द्यायची नाही. "तुझे हात बघ," म्हणायची. "अर्धं लोणी त्या प्रेत्झलवर, अर्धं तुझ्या बोटांवर. दूर हो." म्हणून तो दूर झाला. ती दाबायची, मग प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायची, तान्ह्या पोराच्या हिरडीवरून दात आलाय का बघतात ना, तसं. मग ते मफिनच्या साच्यातल्या एकेका खळग्यात ठेवायची. मध्येच पोल्काबरोबर पाय आपटायची आणि सगळे साचे खणखणायचे. तो ओरडायचा, "तराजू हलतोय!" ती आणखी जोराने आपटायची.

आणि कॅम्पात येऊन तो म्हणायचा, मी भरतो.

गेल्या वर्षी तिची उरलेली काडतुसं होती. ती संपली. यंदाची पहिलीच त्याची. हत्यार त्याला तिच्या शिवणाच्या टोपलीत सापडलं, बटणांच्या खाली. त्याने हात दोनदा धुतले, प्रेत्झल कपाटात ठेवून कपाटाला कडी घातली आणि दाबायला बसला. पाच-सहांतच अंगठा ठणकायला लागला. मग तो प्रत्येक टोपी बसली असं वाटेपर्यंत दाबायचा आणि वाटणं हळूहळू लवकर व्हायला लागलं.

"टोप्या अर्डिथ बसवायची," तो म्हणाला.

 स्टॅशने एक लाल अंडं उचललं आणि परत ठेवलं.

"एकतीस वर्षं?" पॉपने विचारलं.

"मला लोणी लागलेलं असायचं."

"म्हणजे," स्टॅश हळूच म्हणाला, "इतकी वर्षं आम्हाला जी फुशारकी ऐकवलीस ती त्या माउलीची होती. आणि आम्ही तुला शिव्या घालत होतो. डंक, हे फार वाईट झालं. शिव्या वाया गेल्या."

"शिक्षा ठरलेली नाही अजून," हार्लन घाईने म्हणाला. "टोपी वर आली म्हणून बार झाला नाही हे कशावरून? टोपीच मेलेली असेल. कारखान्यातच मेलेली."

पॉपने डोकं खाजवलं. तो निकाल द्यायच्या आधी नेहमी खाजवायचा आणि नेहमी एकाच जागी, त्यामुळे तिथे टक्कल होतं. "सोपं आहे," तो म्हणाला. "तेच काडतूस पुन्हा घाला. टोपी मेलेली असेल तर पुन्हाही उडणार नाही. पण नुसती अर्धवट बसलेली असेल तर सकाळच्या पिनच्या टोल्याने ती आत गेली असणार. म्हणजे पिनने तुझं राहिलेलं काम केलं. मग आता उडेल. उडालं, तर शर्ट. नाही उडालं, तर शर्ट सुटला."

सगळे मागच्या दारी गेले. छपरावर रात्रीचा बर्फ साचला होता. स्टॅश अगदी वळचणीखाली उभा राहिला, नीट दिसावं म्हणून. हार्लनने खटकलेलं काडतूस आत सरकवलं, नळी दरडीकडे केली. आयुष्यात पहिल्यांदाच तो बंदुकीकडे, तिने उडू नये म्हणून प्रार्थना करत होता. डोळे मिटून चाप ओढला.

धाड्.

दरीत आवाज दोनदा फिरला. दुसऱ्या खेपेला छपरावरचा सगळा बर्फ एकदम निसटला आणि स्टॅशच्या डोक्यावर आला. तो कमरेपर्यंत पांढरा होऊन उभा राहिला.

"उडालं," पॉप म्हणाला.

"कळलं," बर्फातून स्टॅश म्हणाला.

आत येऊन हार्लन बाकाजवळ उभा राहिला. त्याने शेपूट अजून खोचलेलंच होतं आणि दोन्ही हात मागे धरून ठेवले होते, डॉक्टरसमोर सुईला भ्यालेल्या पोरासारखे.

"पॉप," तो म्हणाला, "हा एकच आहे. तिने शिवलेलं बाकी सगळं फाटलं. पडदे फाटले, गोधडी कुत्र्याने खाल्ली. हा एकच राहिलाय."

पॉपने खाली बघितलं. स्टॅश टॉवेलने डोकं पुसता पुसता थांबला. "पॉप," तो म्हणाला, "यावेळी सोडून देऊ. हवं तर माझं कापा. माझ्या शर्टाला सवय आहे."

"कायदा म्हणजे कायदा," पॉप म्हणाला, पण आवाज आधीसारखा नव्हता. "कायदा मोडला तर त्या भिंतीला काय अर्थ? तिथे मेलेल्या माणसांची शेपटं आहेत. ती काय म्हणतील?"

हार्लनने भिंतीकडे बघितलं. शेपटांवरची नावं त्याला पाठ होती. त्यांतले अर्धेजण त्याच्याबरोबर एकेका खाटेवर झोपले होते आणि घोरले होते. त्याने हळूच शेपूट पँटीतून ओढून काढलं आणि पाठ फिरवली.

"काप, लोर्ना," तो म्हणाला. "तू काप. तुझ्या बापाचा हात थरथरतो. तो माझी पँट कापेल."

लोर्नाने कात्री घेतली. शेपटाची कडा बोटांत धरली. मग कात्री खाली ठेवून वाकून बघायला लागली.

"काका, हे दुहेरी आहे."

"गादी आहे ती. ओंडक्यासाठी."

"नाही हो. शर्टाला शेपूट आहे, आणि त्या शेपटाच्या आत दुसरं शेपूट आहे. नुसते कच्चे टाके घातलेत. एक दोरा ओढला की सगळं सुटेल. बाईने गाठसुद्धा मारलेली नाही, फासच ठेवलाय."

तिने दोऱ्याचं टोक धरून ओढलं. दोरा सर्रकन निघाला, जसा काही कालच घातला असावा, आणि लाल-काळ्या चौकड्यांचा एक रुंद तुकडा, शेपटासारखाच गोल कापलेला, तिच्या हातात आला. शर्टाचं खरं शेपूट जागच्या जागी होतं, शाबूत.

लोर्नाने तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याने भरतकाम होतं. नीट, गोल गोल अक्षरांत: हार्लन डंकलबर्गर. खाली साल. पण सालाचे पहिले दोनच आकडे भरलेले होते, एकोणीस. पुढची जागा मोकळी.

हार्लनने तो तुकडा हातात घेतला. त्या मोकळ्या जागेवरून त्याने अंगठा फिरवला.

"एकतीस वर्षं," स्टॅश म्हणाला, "मी इथे बसून तुझ्यावर हसलो, डंक, पण तुझ्यावर एवढा अविश्वास मी कधी दाखवला नाही. लग्नाच्या बायकोने बघ. तू चुकणार, आणि ह्याच शतकात चुकणार, याची पक्की खात्री."

"एकोणीसशे नव्व्याण्णव," पॉप म्हणाला. "नोव्हेंबरची एकोणतीस. अजून महिनाभर तग धरला असतास, हार्लन, तर बिचारीचं भरतकाम फुकट गेलं असतं."

मग हार्लन हसला. हसता हसता बाकावर बसला, पाठ भिंतीला टेकून, आणि डोळे पुसायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून तो तुकडाच वापरला. पहिल्या वर्षीच, कॅम्पाचा कायदा त्याच्या तोंडून ऐकून, तिने हे शिवून ठेवलं होतं. दर साली त्याला पाठवताना शेपूट खोचून द्यायची, पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "जा, आणि चुकू नकोस." आणि स्वतः टोप्या दाबून त्याला चुकूही द्यायची नाही. बाई दोन्ही बाजूंनी जुगार खेळत होती.

"धुवायला का देत नव्हती, ते आता कळलं," तो म्हणाला.

"आता तरी धू," स्टॅश म्हणाला. "तिने आता परवानगी दिलीय असं समज."

लोर्नाने पेनाने साल पुरं केलं, नव्व्याण्णव. पॉपने गंभीर चेहऱ्याने तुकडा तपासला आणि तो कायद्याला चालतो असं जाहीर केलं, कारण कायद्यात 'शर्टाचं शेपूट' एवढंच म्हटलंय, किती शेपटं असावीत ते म्हटलेलं नाही. जागा हार्लननेच निवडली: बाकाच्या मागे, अगदी खाली, तो नेहमी बसतो तिथे, म्हणजे पाठीला लागेल. "हलू नकोस," स्टॅश म्हणाला. त्याने चष्मा गाडीत ठेवला होता, पण तो मान्य करत नव्हता. हार्लनने बसल्या जागेवरूनच मागे हात करून तुकडा भिंतीला दाबून धरला, आणि स्टॅशने लांब खिळा घेऊन चार दणकट टोल्यांत तो पार बुडापर्यंत ठोकला.

"बसला," तो म्हणाला. "अर्डिथच्या टोपीसारखा बसला. निघणार नाही."

पॉपने सूप वाढलं. घरचं होतं, चिकनचं. हार्लनला अर्डिथच्या सूपसारखा वास आला. "आधी कॉफी," म्हणत तो उठला.

खिळ्याने दोन्ही शेपटं भिंतीला ठोकली होती, सुटंही आणि खरंही. शर्ट कॉलरपर्यंत फाटला.